डाव्या बाजूचं पॅनल

गाडीत स्पीकर कुणीही बसवतो. दरवाजाला भोक पाडायचं, चार स्क्रू मारायचे, वायर जोडायची. पण स्पीकर मुळातच गाडीचा आहे असं वाटायला हवं असेल तर फायबरचं पॅनल करावं लागतं. ते काम मी करतो. नांदेडला लातूर फाट्यावर, पंक्चरवाल्यांच्या ओळीत माझं पत्र्याचं शेड आहे. शेजारी देविदासचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान. दोन्हींच्या मधे कडुलिंबाचं झाड आहे, त्याखाली आमचा चहा होतो. माझं नाव नागसेन.

काम असं असतं. जिथे पॅनल बसवायचं त्या जागेवर टेप चिकटवायची आणि वरून मेण चोळायचं. काचेच्या धाग्यांची मॅट मिळते, पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी. तिचे तुकडे त्या जागेवर लावायचे आणि ब्रशने रेझिन पाजायचं. रेझिन म्हणजे मधासारखं चिकट रसायन, त्यात ते घट्ट करणारा हार्डनर घातलेला असतो. थोड्या वेळाने ते आपोआप गरम होतं, मग दगडासारखं घट्ट होतं. ओढून काढलं की त्या जागेचा साचा हातात येतो. पत्र्याला पोचा असेल तर पोचा येतो, स्क्रू असेल तर स्क्रू येतो. जे आहे ते उतरतं, जे नाही ते उतरत नाही. मी गिऱ्हाइकांना हेच सांगायचो.

मग त्या साच्यावर स्पीकरची लाकडी रिंग उभी करायची, कापड ताणायचं, त्या कापडाला पुन्हा रेझिन, पुट्टी, घासकाम, रंग. कापड ताणायला दोघं लागतात. एकाने ओढायचं, दुसऱ्याने पिना मारायच्या. माझ्याकडे ओढायला महामाया होती.

महामाया माझी बायको. दिवाळी झाली आणि ती गेली. शुगर होती. आधीच्या उन्हाळ्यात डाव्या पायाची करंगळी काळी पडली, लातूरच्या दवाखान्यात ती काढावी लागली. त्यातून बरी झाली असं वाटत होतं. मग किडनी गेली.

आमची जुनी बोलेरो आहे. तिच्यात डावी सीट महामायाची होती. मी जरा जोरात चालवली की ती डावा पाय उचलून समोरच्या कोपऱ्यात, दरवाजाच्या पुढे जो उभा पत्रा असतो त्यावर टेकवायची आणि दाबायची. जणू ब्रेक तिच्याकडे आहे. "ओ, हळू," म्हणायची. चप्पल कधीच घालायची नाही गाडीत. त्या जागचं कार्पेट झिजून टक्कल पडल्यासारखं झालं होतं.

"आख्ख्या नांदेडच्या गाड्या वाजत्या केल्या तुम्ही," ती म्हणायची, "आपलीच मुकी हाय."

खरं होतं. आमच्या गाडीत दाबून बसवलेला एक टेप होता, तोही अर्धवट वाजायचा. महामाया विहारात महिला मंडळाबरोबर गाणी म्हणायची. जयंतीच्या कार्यक्रमातलं तिचं एक गाणं माझ्या मोबाईलमध्ये आहे. आवाज काही फार गोड नव्हता. पण चुकायची नाही.

ती गेल्यावर भन्तेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, लोक जेवून गेले. आमच्यात दहावं-तेरावं नाही. आत्मा भटकतो, पिंडाला कावळा शिवतो, हे आम्ही मानत नाही. माझ्या बापाने नाही मानलं, मीही नाही मानलं. माणूस गेला की गेला. हे मी विशाखाला, माझ्या मुलीला, आई गेली त्या दिवशी सांगितलं होतं. ती लातूरला नर्स आहे. तिला सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.

मार्चमध्ये मी बोलेरोचं काम काढलं. देविदासला ते पटलं नाही.

"भाऊ, वरीस तरी होऊ द्या. लोकं काय म्हणतील? बायको जाऊन सहा महिने झाले न्हाईत तर गाडीत गाणं-बजावणं."

"वर्षाचा नियम कुणी केला?"

"कुणी केला म्हणजे? हाय."

"तुझ्यात असेल. माझ्यात नाही. आणि गाणं तिचंच वाजणार आहे."

देविदासने तोंडातली तंबाखू थुंकली आणि विषय सोडला.

मी किक पॅनल करायचं ठरवलं होतं. म्हणजे दोन्ही बाजूंना, पायांजवळच्या त्या कोपऱ्यात स्पीकर. मेहनतीचं काम आहे, पण दोन्ही बाजू नीट जमल्या की आवाज पायातून येतोय असं वाटतच नाही. गाणारा माणूस समोरच्या काचेच्या मधोमध बसलाय असं वाटतं. मला तिला तिथे बसवायचं होतं. मला एवढंच हवं होतं आणि ते मी करणार होतो.

उजवी बाजू आधी केली. साचा स्वच्छ निघाला. रिंग बसवली. कापड ताणताना एक टोक शिकंज्यात अडकवलं. जमलं कसंतरी. स्पीकर जोडून गाणं लावून पाहिलं. एकाच बाजूने आवाज येत होता. ती माझ्या गुडघ्यापाशी बसून गातेय असं वाटलं. मी लगेच बंद केलं.

मग डावी बाजू. झिजलेलं कार्पेट काढलं, पत्रा पुसला, टेप, मेण, मॅट, रेझिन. सगळं लावून झालं आणि मी झाडाखाली चहाला गेलो. परत आलो तर मॅट घट्ट झाली होती आणि तिच्या मधोमध एक खड्डा पडला होता. मला वाटलं, मॅट लोंबली. उन्हाळ्यात रेझिन पातळ होतं, असं होतं कधीकधी. मी साचा उपटला आणि मागच्या ढिगात टाकला. वाया गेलेल्या तुकड्यांचा ढीग असतो, तिथे.

रविवारी विशाखा आली. ती आली की आधी शेड झाडते, मग माझ्यावर रागावते. झाडता झाडता ती त्या ढिगापाशी थांबली. 

"पप्पा, हे काय आहे?"

"खराब झालेला साचा."

"कशाचा?"

"गाडीचा. डाव्या बाजूचा."

तिने तो उचलून उजेडात धरला. मग माझ्याकडे असं पाहिलं की मला उठावं लागलं.

तो खड्डा नव्हता, पायाचा ठसा होता. डाव्या पायाचा, अनवाणी. टाच, चवडा, अंगठा आणि त्याच्या पुढची तीन बोटं. करंगळीच्या जागी काही नव्हतं, नुसती एक आवळलेली रेघ होती.

"रोज दोनदा मी ड्रेसिंग केलंय याचं," विशाखा म्हणाली. "हे टाके मी मोजलेत. पप्पा, तुम्ही आईच्या पायाचा साचा घेतला होता का? ती असताना?"

"नाही."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"विशू, मी असलं काही केलेलं नाही."

तिने साचा खाली ठेवला. हळू ठेवला, आपटला नाही. मला ते जास्त लागलं. वेड्या माणसासमोर वस्तू अशा ठेवतात.

"लातूरला चला माझ्याकडे," ती म्हणाली. "गाडी विकून टाका. या गाडीपायी होतंय हे."

"गाडी विकणार नाही."

"मग काय करणार?"

"डावी बाजू पुरी करणार."

ती गेल्यावर मी विचार केला. कुणीतरी पाय दिला असेल. पण ओल्या रेझिनमध्ये पाय दिला तर पायाला ते चिकटतं, थिनरशिवाय निघत नाही, माणूस ओरडत पळतो. आणि चार बोटांचा माणूस लातूर फाट्यावर कोण आहे? मी देविदासचे पाय बघितले. दहा बोटं होती.

"काय बघून राहिले?" देविदास म्हणाला. "पाया पडायचं हाय का?"

दुसरा साचा घेताना मी काचा वर केल्या, चारी दरवाजे लॉक केले आणि चावी शर्टाच्या खिशात ठेवून शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो. गाडीपाशी कुणी आलं नाही. देविदासही आला नाही, तो एका जीपच्या बोनेटवर हातोडी मारत होता, ती मला ऐकू येत होती.

दरवाजा उघडला. ठसा होता.

यावेळी पाच बोटं होती.

मला आधी बरं वाटलं. खरंच सांगतो. पाच बोटं म्हणजे तिचा नाही. मी विशाखाला फोन लावायला मोबाईल काढला. मग नीट पाहिलं. टाचेला भेगा होत्या, आडव्या. टाचेच्या कडेला तिरका वण होता. आणि दुसऱ्या बोटाला गोल खाच पडली होती, जोडव्याची. तो महामायाचाच पाय होता. करंगळी काढायच्या आधीचा.

मी फोन खिशात ठेवला.

देविदासने मात्र पाहिलं. तो थिनर मागायला आला होता. बघून तो दोन पावलं मागे सरला.

"भानामती हाय ही, भाऊ. कुणीतरी केली."

"तुझी भानामती रेझिनला कळत नाही."

"हसू नका. आमच्या भोकरला एका बाईच्या पेटीतले कपडे आपोआप जळायचे. माझ्या मामानं बघितलं."

"मामाने आगपेटी बघितली असेल."

"एका माणसाला बोलावतो. लिंबू उतरवून टाकील. तुम्ही मानू नका, नुसतं उभं राहा."

"देविदास, माझ्या गाडीला लिंबू लागलं तर आपली दोस्ती तुटली."

दुसऱ्या दिवशी बोलेरोच्या पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधलेली होती, काळ्या दोऱ्याने. मी कात्रीने ती कापली आणि झाडाखाली चहाच्या बाकड्यावर देविदासच्या कपाशेजारी ठेवली. त्याने ती बाकड्याखाली सरकवली.  आम्ही चहा प्यालो.

तिसरा साचा मी पॅनलसाठी घेतला नाही. तिला बघायला घेतला. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

उन्हाची दुपार होती. शेडचा पत्रा तापून टकटक वाजत होता. रस्त्यावर उसाचा एक ट्रॅक्टर बंद पडला होता आणि ड्रायव्हर कुणाला तरी फोनवर शिव्या देत होता. मी रेझिन लावून झाल्यावर ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसलो, काचा वर केल्या, दरवाजे लॉक केले. घामाने शर्ट सीटला चिकटला. वासाने डोळे चुरचुरत होते.

ओलं रेझिन चकचकीत असतं. मग हळूहळू चकाकी जाते, तेव्हा समजायचं की आता धरतंय. मॅट सपाट होती. मी नजर काढली नाही.

आधी टाच उतरली.

आवाज झाला नाही. मळलेल्या पिठात बोट दाबावं तशी मॅट आत गेली आणि तिथेच राहिली. मग चवडा. मग बोटं एकामागून एक, करंगळी शेवटी. डाव्या सीटचं कुशन मात्र फुगलेलंच होतं. त्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. आयुष्यभर जे नाही म्हणत आलो ते माझ्या डोळ्यांसमोर पाय टेकवून बसलं होतं.

"माया," मी म्हणालो. "ब्रेक कशाला दाबतेस? गाडी उभी आहे."

ठसा आणखी थोडा खोल गेला. मग रेझिन घट्ट झालं.

हा पाय लहान होता. निमुळता. टाचेला भेगा नव्हत्या, वण होता. जोडव्याची खाच नव्हती.

महामायाचं माहेर रेणापूरचं. तिची आई भामाबाई तिथे एकटी राहते. मी तिला मामी म्हणतो. मोतीबिंदूने एक डोळा गेलाय, दुसऱ्यानं सावल्या दिसतात. तिसरा साचा टॉवेलात गुंडाळून डाव्या सीटवर ठेवला आणि लोहा, अहमदपूर करत लातूरवरून रेणापूरला गेलो. गाडी हळू चालवली. टॉवेलकडे बघत नव्हतो, पण हळू चालवली.

मामी ओट्यावर बसून तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती. बोटांनीच वेचते.

"जावई, पोरगी म्हणली तुमचं डोस्कं फिरलं."

"फोन केला होता विशूनं?"

"केला. म्हणली, आजी, पप्पाला समजून सांग. मी म्हणलं, तुझा बाप माझं कवा ऐकला?"

मी साचा तिच्या मांडीवर ठेवला. काय आहे ते सांगितलं नाही. तिने बोटं फिरवली. अंगठा, बोटं, चवडा. टाचेच्या कडेच्या त्या वणावर तिचं बोट थांबलं.

"इळा लागला होता," ती म्हणाली. "ज्वारीच्या काढणीला. शाळा बुडवून आली होती रानात. मी पदर फाडून बांधला." मग तिचं बोट दुसऱ्या बोटावर गेलं, तिथे गोल गोल फिरलं. "जोडवं न्हाई. ही लगनाच्या आधीची."

"मामी, आधी करंगळी नसलेला आला. मग करंगळी असलेला. आता हा."

ती घाबरली नाही. तिने साच्यावर हात ठेवला, झोपलेल्या लेकरावर ठेवतात तसा, आणि तशीच बसली. शेजारच्या घरात मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

"माघारी चालली ती," मामी म्हणाली.

"कुठे?"

"आली तिकडं. आता फुडचा घेऊ नका."

"का?"

"फुडची बारकी असंल. मग लई बारकी." तिने साचा माझ्याकडे सरकवला. "बारक्या लेकराला एकल्यानं उभं राहता येत न्हाई, जावई. तवा मी होते धरायला. आता तिथं कोण हाय?"

"सोडून द्या म्हणताय का तिला?"

"मी म्हणून काय होतंय? तुम्ही कवा ऐकलं?"

परत येताना मी तिचंच बोलणं डोक्यात घोळवत होतो. ती म्हणाली होती घेऊ नका. पण मी साचा घेतला नाही म्हणून महामाया चालायची थांबेल असं थोडंच आहे? पत्र्यावर ओली मॅट असो नसो, पाय पडत राहणार. फक्त मला दिसणार नाहीत. एके दिवशी ती इतकी लहान होईल की उभी राहू शकणार नाही. आणि मग ती राहणारच नाही.

सगळे मला एकच सांगत होते. विशाखा म्हणत होती, गाडी विका. देविदास म्हणत होता, उतरवून टाका. माझं स्वतःचं तोंड आयुष्यभर म्हणत आलं होतं, गेला तो गेला. मी अहमदपूरच्या पुढे गाडी बाजूला घेतली आणि डाव्या सीटवर हात ठेवून मोठ्याने म्हणालो, "मी कबूल करत नाही."

कुणाला म्हणालो ते मला माहीत नाही.

त्यानंतर काही दिवस मी बोलेरोला हात लावला नाही. गिऱ्हाइकांची कामं केली. एकदा झाडाखाली बसल्या बसल्या वाटलं, आज ती चालायला शिकत असेल. आज रांगत असेल. देविदास काहीतरी विचारत होता, मी ऐकलं नाही.

विशाखाचा फोन आला. शनिवारी येते म्हणाली, एक गिऱ्हाईक बघितलंय, सोबत आणते, गाडीचं काय ते ठरवून टाकू. मी बरं म्हणालो.

शनिवारी सकाळीच मी टेप लावली. मेण चोळलं. मॅट दुप्पट जाड घेतली. हार्डनर नेहमीपेक्षा जास्त घातला, कारण मला ते लवकर धरायला हवं होतं. एवढ्या उन्हात एवढा हार्डनर घातला की काय होतं ते मला माहीत आहे. रेझिन इतकं तापतं की धूर निघतो.

मी डावा दरवाजा उघडा ठेवला आणि खाली गुडघ्यावर बसलो. रबरी हातमोजा काढून टाकला.

उजवा तळहात मॅटवर ठेवला, मधोमध. जिथे पाय यायचा तिथे. दाबला नाही. नुसता ठेवला. बोटं उघडी.

रेझिन गारगार लागलं. मग कोमट झालं.

"ये," मी म्हणालो.

काही झालं नाही. रस्त्यावरून ट्रक गेला, शेड हललं.

कोमटाचं गरम झालं. गरमाचं कढत. मी दात आवळले. बोटांच्या पेरांत आधी आग झाली, मग मनगटापाशी. वास बदलला.

तळहाताच्या मधोमध काहीतरी टेकलं.

गार होतं. बोराएवढं. वजन असं नव्हतंच. हाताच्या आणि मॅटच्या मधे जागाच नव्हती, तरी ते तिथे आलं. जरा सरकलं. डळमळलं. मग माझ्या तळव्याचा आधार धरून थांबलं.

हात ओढून घे, असं सगळं शरीर म्हणत होतं.

मी हात काढला नाही.

बोटंही मिटली नाहीत. मिटली असती तर ते चिरडलं असतं.

देविदासने धूर पाहिला. तो आई-बापाच्या नावाने ओरडत धावत आला आणि त्याने माझा दंड धरून ओढलं. "सोडा! भाऊ, सोडा ते! जळून राहिलाय हात!" मी त्याला लाथ मारली. नंतर मी माफी मागितली, पण तेव्हा मारली. रेझिन दगड होईपर्यंत मी तिथेच होतो. मग त्याने हाताभोवती थिनर ओतलं, पातळ पत्ती घालून सोडवलं. थोडी कातडी मॅटवरच राहिली.

त्याने मला झाडाखाली नेऊन बसवलं, हातावर पाणी ओतत राहिला. 

"लेकीला काय सांगू मी?" तो म्हणत होता. "काय सांगू तिला?"

विशाखा दुपारच्या बसने आली. एकटीच आली, गिऱ्हाईक आलं नव्हतं. हात बघून ती रडली नाही, ओरडली नाही. देविदासला मेडिकलमध्ये पिटाळलं, मलम आणि जाळीची पट्टी आणायला. माझ्यासमोर बाकड्यावर बसली आणि माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला.

"बोटं उघडा. आणखी. दुखेल, पण उघडा."

मी उघडली. सगळा तळहात लाल होता, फोड आले होते, काही फुटले होते. तिने सलाइनने धुवायला घेतलं. सावकाश, कडेकडेने, जसं तिला शिकवलंय तसं. आईचा पायही असाच धुवायची.

मग तिचा हात थांबला.

तळव्याच्या मधोमध एक जागा भाजलेली नव्हती. तिथली कातडी साधी होती, रोजची, रेषा दिसत होत्या. लांबट जागा होती, तिच्या अंगठ्याएवढी. एका टोकाला गोल. दुसऱ्या टोकाला जरा रुंद, आणि त्या रुंद टोकापुढे टाचणीच्या डोक्याएवढे पाच ठिपके, एका बाजूने लहान होत गेलेले.

विशाखाने त्या जागेवर बोटाचं टोक ठेवलं आणि लगेच उचललं.

"गार आहे," ती म्हणाली.

मी हात तसाच पुढे धरला.

"सगळा हात पेटलाय आणि ही जागा गार आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. वेड्या माणसाकडे बघतात तसं नव्हे. लहानपणी अंधारात जाताना ती माझ्याकडे बघायची, तसं. "पप्पा, हातात काय धरलं होतं?"

"पट्टी बांध."

"गाडी..." ती म्हणाली आणि थांबली. शेडमध्ये बोलेरोचा डावा दरवाजा तसाच उघडा होता. तिने तिकडे पाहिलं, मग बराच वेळ पाहिलं नाही. "राहू दे गाडीचं."

"पट्टी बांध, विशू."

"बांधते. हात उघडा ठेवा. सरळ ठेवा. मिटू नका, कातडी चिकटेल."

आत्तापर्यंत मी सगळ्यांचं जेवढं ऐकलं तेवढंच तिचं ऐकलं. मी मूठ मिटली. फार दुखलं, डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण मिटली आणि घट्ट धरली.

मुठीच्या आतून, बारक्या लेकराची बसते तशी, हळूच एक लाथ बसली.